पेठ नाक्यावरून उजवीकडं

इस्लामपुरातून निघून पेठ नाक्याला हमरस्ता गाठला की दोनच वाटा उरतात. डावीकडं कोल्हापूर, उजवीकडं पुणं. आमच्या घराण्याची गाडी पिढ्यान्‌पिढ्या डावीकडंच वळत आलेली. अंबाबाई डावीकडं, जोतिबा डावीकडं, तांबडा-पांढरा डावीकडं, मोठा डॉक्टर डावीकडं. उजवीकडं वळायचं ते पुण्यात कुणाचं लग्न असलं तरच, आणि तेही पंगत गाठायच्या बेतानं.

यंदा भाऊबीज उरकली आणि आम्ही सातजण उजवीकडं वळलो ते थेट जैसलमेरला. याला कारण भाचा. त्याला मोबाइलवर कुणीतरी वाळूच्या टेकडीवरून गाडी खाली सोडताना दिसला होता. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, कृष्णाकाठचे ऊसवाले. त्यांनी रीतसर चौकशी केली.

"तिथं हाय काय?"

"वाळू."

"वाळू बघायला दीड हजार किलोमीटर? आपल्या कृष्णंत वाळू न्हाई व्हय?"

"होती," मी म्हणालो. दाजी गप्प झाले. आमच्या भागात या एका शब्दावर बरीच मोठी माणसं गप्प होतात.

मी पेशानं मास्तर, त्यामुळं माहिती देण्याचा मोह आवरत नाही. आपल्या नाक्यावरचा हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. एक टोक चेन्नईला, दुसरं दिल्लीला, आणि मधे तो राजस्थानात उदयपूरवरून जातो, असं मी सांगितलं. दाजींना ते फार पटलं. "म्हंजे आपल्याच रस्त्यानं जायचं. चुकायचा सवालच न्हाई." पुढं अहमदाबादला आम्ही तो रस्ता सोडून पालनपूरकडं वळलो तेव्हा त्यांना गाव सोडल्यासारखं वाटलं असावं. तोवर ते प्रत्येक टोलनाक्यावर मालकी हक्कानं हात बाहेर काढत होते.

दाजींची अट एकच होती. आडसाली उसाला तोड यायच्या आत परत यायचं. हंगाम लवकरच सुरू होणार होता, त्यांचा नंबर महिनाअखेरीला लागेल असं कारखान्याच्या चिटबॉयनं सांगितलेलं. ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांना सांगायला हवं, की तोड येणं ही आमच्याकडं लग्न ठरण्यासारखी गोष्ट आहे. महिनोन्‌महिने कुणी विचारत नाही, आणि एके दिवशी अचानक मंडळी दारात उभी. वजन घटण्याचा हिशेब चालूच असतो, आणि मुकादमाचा मान नवरदेवाच्या मामाएवढा.

सामान बायकोनं आणि ताईनं भरलं. वाळवंटात खायला काय मिळतंय, या विचारानं दोन डबे भडंग, शेंगदाण्याची चटणी, चकल्या, दशम्या, खर्डा आणि एक पिशवी नुसत्या कांद्यांची. गाडीत माणसं कशीबशी बसली. आईनं मात्र स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, तिचा पितळी तांब्या.

आईचं वय चौऱ्याहत्तर. माहेर आटपाडीकडं, माणदेशात. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. तिच्या वडिलांनी स्थळ बघायला इस्लामपुरात आल्यावर मुलगा काय करतो हे विचारलं नव्हतं. परसातल्या आडात वाकून बघितलं होतं. पाणी दिसलं, सुपारी फुटली. तेव्हापासून बावन्न वर्षं ती दोन नद्यांच्या तालुक्यात राहते. कृष्णा एका अंगाला, वारणा दुसऱ्या. पण भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तांदळाचं धुवण म्हशीला आणि म्हैस गेल्यावर कढीपत्त्याला, हा तिचा शिरस्ता काही सुटला नाही. आम्ही त्याला हसत आलो. घरात नळाला चोवीस तास पाणी असताना आई तांब्यानं आंघोळ करते, हा आमच्याकडं पाहुण्यांना सांगायचा विनोद आहे.

गुजरात झोपेत गेला. आमटीत गूळ होता एवढंच आठवतं.

पालीहून जोधपूरकडं जाताना रस्त्याच्या कडेला एका काचेच्या पेटीत बुलेट ठेवलेली दिसली, हार घातलेली. ओम बन्नांचं देवस्थान. अपघातात वारलेल्या तरुणाची मोटारसायकल पोलिसांनी ठाण्यात नेली की रात्रीत पुन्हा अपघाताच्या जागी येऊन उभी राहायची, अशी तिथली कथा. प्रवासी थांबतात, नमस्कार करतात, काहीजण दारूची बाटलीही वाहतात. बुलेट म्हटल्यावर भाच्याची श्रद्धा एकदम जागी झाली. दाजींनी हात जोडून विचारलं, "ट्रॅक्टरचं असं कुठं हाय का हो?"

जोधपूरला घंटाघराच्या बाजारात संध्याकाळी फिरत होतो. गल्ली अरुंद, एका बाजूनं रिक्षा, दुसऱ्या बाजूनं बैल. बायको ओरडली, "अवो, आत्तींचा हात धरा की, पडतील त्या!" आणि एका अंधाऱ्या जिन्याखालून आवाज आला,

"कुठलं म्हणायचं?"

घरापासून हजारावर किलोमीटरवर हा प्रश्न या सुरात ऐकला आणि आमच्या सातही जणांचे पाय जागीच थिजले. आत एक पन्नाशीचा माणूस, बनियनवर, समोर लहानशी भट्टी, मूस, चिमटा, बाटल्यांत तेजाब. गलाईवाला. विट्याच्या पुढच्या एका खेड्यातला.

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सराफ बाजार असलेलं गाव सांगा, तिथं कुठल्यातरी जिन्याखाली आमच्या जिल्ह्याचा माणूस भट्टीपुढं बसलेला असतो. जुना दागिना वितळवायचा, तेजाबात त्यातलं तांबं-चांदी वेगळी करायची, शुद्ध सोनं मालकाच्या हातात द्यायचं. सोनारांच्या दुकानातला झाडलोटीचा कचरासुद्धा हे विकत घेतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. ज्या गावात पावसाचे थेंब मोजावे लागत, त्या गावच्या माणसाला कचऱ्यातला कण दिसावा यात नवल नाही.

त्यानं आम्हाला हॉटेलात जाऊ दिलं नाही. वरच्या खोलीत त्याच्या बायकोनं पिठलं टाकलं आणि बाजरीच्या भाकरी थापायला घेतल्या. चार दिवस गोड आमटी आणि पनीर खाल्लेल्या दाजींनी पाचवी भाकरी मोडली तेव्हा ताईनं त्यांना डोळ्यांनी दटावलं. दाजींनी ते बघितलं आणि सहावी मागितली.

"चौदा वर्षाचा व्हतो, मामानं आणलं," तो सांगत होता. "आधी वाटलं, एका दुष्काळातनं उठून दुसऱ्यात आणून बसवलं. पाण्याचा वांदा तिथं व्हता, हितंबी हाय. पर हितं सोनं हाय."

मग तो आईकडं वळला. माहेर कुठलं, कुणाच्यातलं, अशी उलटतपासणी होऊन दहा मिनिटांत ती त्याच्या चुलत आजोळची कुणीतरी निघाली. नातं मला समजलं नाही, पण निघताना खण-नारळ मिळाला म्हणजे पक्कं असणार. जिन्यात तो हळूच म्हणाला, "आता गावात टेंभू योजनेचं पाणी आलंय. भावानं डाळिंब लावलंय, म्हणतोय परत ये." जायचंय का, असं मी विचारलं. तो हसला. "पोरं मारवाडीत भांडत्यात आता."

जोधपूर सोडलं आणि आई पुढच्या सीटवर बसायला लागली. आजवर ती मागं, खिडकीला टेकून, डोळे मिटून प्रवास करणारी. आता पदर डोक्यावर घट्ट ओढून ती रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघत होती आणि अधूनमधून हजेरी घेतल्यासारखी एकेक नाव पुकारत होती.

"सौंदड."

मास्तर असून मला ते झाड ओळखता आलं नव्हतं. राजस्थानात त्याला खेजडी म्हणतात, त्यांचा राज्यवृक्ष. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली ही झाडं तोडायला राजाची माणसं आली तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि मारले गेले, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. पण ती खेजडी म्हणजे आपली शमी, म्हणजे आईची सौंदड, हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

"नेपती. … बोर. … रुई. … ही बाभळ नव्हं, हिला काय म्हणतेत म्हाईत न्हाई." एवढंच एक झाड अनोळखी निघालं त्याचा तिला राग आला.

वाटेत रामदेवरा लागलं. रामदेवबाबांची समाधी, हिंदू त्यांना रामदेवजी म्हणतात, मुसलमान रामसापीर. भाविक कापडाचे घोडे वाहतात. आई आत जाऊन आली आणि म्हणाली, "आपला संभूआप्पाच की." उरुणात संभूआप्पा-बुवाफनच्या उरसात आमच्याकडंही दोन्ही धर्मांचे लोक एकाच रांगेत ढकलाढकली करतात. आईच्या मते ऐक्य म्हणजे हेच. रांग एक पाहिजे.

पोखरण आलं आणि गेलं. १९७४ आणि १९९८ हे आकडे मी मुलांना सांगितले. मुलगी म्हणाली, "बाबा, दिसत तर काहीच नाही." दाजी म्हणाले, "जमिनीखालीच केलंय, बोअर मारल्यागत."

जैसलमेरला गेल्यावर किल्ला बघायचा असतो, आम्हीही बघितला. ११५६ साली रावळ जैसलनं बांधलेला, पिवळ्या दगडाचा. आत अजून माणसं राहतात, वाळत घातलेले कपडे आहेत, स्कूटर आहेत. सत्यजित राय यांच्या सिनेमानं त्याला सोन्याचा किल्ला केलं. उन्हं कलल्यावर तो खरोखर सोन्याचा दिसतो. दाजींना तो गुळाच्या ढेपेसारखा दिसला, आणि एकदा त्यांनी तसं म्हटल्यावर मलाही दुसरं काही दिसेना.

आता वाळू. सम गावच्या टेकड्यांवर जायचं, एकांत अनुभवायचा, अथांग वाळवंटापुढं माणूस किती लहान वगैरे विचार करायचा, असं मी ठरवून गेलो होतो. तिथं जीपगाड्यांची आठवडी बाजारासारखी गर्दी, प्रत्येक टेकडीवर एक उंट, प्रत्येक उंटावर एक कुटुंब, आणि प्रत्येक कुटुंबात फोटो नीट आला नाही म्हणून रुसलेली एक व्यक्ती. पहिल्याच टेकडीमागं एमएच १० ची गाडी. दुसरीमागं एमएच ०९. तिसरीमागून कुणीतरी हाक मारली, "सर, इकडं कुठं?" माझा जुना विद्यार्थी. बायको-मुलांसह, हातात भडंगाचा पुडा.

गर्दीतून बाहेर पडायचं म्हणून दाजींनी गाडी डांबरी सोडून आत घातली. आयुष्यभर चिखलातून उसाची ट्रॉली ओढून काढलेला माणूस. त्याला वाळूचं भय काय? चाकं फिरायला लागली तसा त्यांनी पाय दाबला. चिखलात हेच करायचं असतं. वाळूत याच्या बरोबर उलटं करायचं असतं. दोन मिनिटांत गाडी पोटापर्यंत बसली. चाकांनी उडवलेली वाळू आमच्या दशम्यांत, कानांत आणि ताईच्या बोलण्यात आली.

दूरवरून एक मेंढपाळ शांतपणे चालत आला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, दाजींकडं आमच्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरसारखं बघितलं, आणि खाली बसून चारही चाकांची हवा कमी करायला लागला. दाजी कासावीस झाले. अडकलेल्या गाडीची हवा सोडणं म्हणजे त्यांना बुडत्या माणसाचे कपडे काढून घेण्यासारखं वाटत होतं. पण चाक सैल झालं की ते वाळूवर पसरतं, रुतत नाही, हे त्या माणसाला माहीत होतं. हातांनी वाळू उकरली, रुईची झुडपं चाकाखाली घातली, आणि तरीही गाडी हलेना तेव्हा वस्तीवरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर दिसल्याबरोबर दाजींच्या चेहऱ्यावर सात दिवसांत पहिल्यांदा घरचं माणूस भेटल्याचा आनंद उमटला. कितीचा घेतला, हप्ता किती, डिझेल किती खातो, हे सगळं हिंदीत विचारून झाल्यावर मगच त्यांनी साखळी लावू दिली.

तेवढ्या वेळात आई आणि तो मेंढपाळ बोलत बसले होते. ती माणदेशी बोलत होती, तो मारवाडी. विषय मेंढरं. आई म्हणाली, "ह्यो म्हणतोय, ह्या वर्षी चारा बरा हाय." हे तिला कळलं कसं, असं मी विचारलं. "मेंढरं बघून."

रात्री तंबूपुढं शेकोटी, कालबेलिया नाच, मग डीजे. दहा वाजता सगळं थांबलं आणि तेव्हा कुठं वाळवंट सुरू झालं. मी टेकडीवर जाऊन बसलो. चांदणं खूप, आवाज एकही नाही. चला, आता माणूस किती लहान वगैरे, असं म्हणून मी श्वास घेतला, आणि शेजारी दाजी येऊन बसले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, घड्याळ बघितलं. "साडेधाला लाइट येती आपल्याकडं." एक नंबर लावला. वाजू दिला. पलीकडून नोंदवलेला बाईचा आवाज आला आणि दाजी समाधानानं म्हणाले, "झाली चालू."

त्यांच्या रानातल्या मोटरीला मोबाइलचा स्टार्टर आहे. जिथं वर्षाला सरासरी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही अशा वाळूच्या टेकडीवर बसून त्या माणसानं वाळवा तालुक्यात कृष्णेचं पाणी नव्या लागणीत सोडलं होतं. "आता पाचपत्तूर चालू दे निवांत," ते म्हणाले आणि आडवे झाले. खाली तंबूच्या दाराशी आई बसली होती. तिनं ते ऐकलं असावं. काही बोलली नाही. तांब्यात उरलेलं दोन घोट पाणी तिनं पिऊन टाकलं आणि तांब्या पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांनी एका रात्रीत सोडून दिलेलं गाव म्हणून गाइड भुताच्या गोष्टी सांगतो आणि मुलांना त्या हव्याच असतात. मला तिथं दुसरीच गोष्ट बघायची होती. याच पालीवालांनी पंधराव्या शतकापासून या भागात 'खडीन' नावाची शेतं बांधली. खडकाळ उतारावरून पावसाचं पाणी वाहून येतं, त्याला खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालायचा. पाणी तुंबतं, मुरतं, गाळ बसतो; कार्तिकात त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून पुन्हा थेंब नाही. जैसलमेरात गहू! मी गाडी थांबवून हे सगळं हातवारे करून समजावत होतो. आईनं बांधावर चढून दोन्हीकडं बघितलं.

"ताल हाय ही. आमच्या आज्यानं घातलीया असली. ह्याच्यासाठी एवढ्या लांब?"

माझी तासिका तिथंच संपली.

तनोटला जाताना रामगढच्या वाटेवर कालव्याचा फाटा लागला. इंदिरा गांधी कालवा. पंजाबात सतलज-बियासच्या संगमावर हरिके इथं उचललेलं पाणी सहाशेवर किलोमीटर चालत या वाळूत येतं. काम १९५८ ला सुरू झालं. भरलेला कालवा बघून दाजी गाडी थांबायच्या आधीच उतरले. काठावर बसून पाण्यात हात घातला, वेग बघितला, आणि किती एचपीची मोटर बसेल याचा अंदाज घेऊन परत आले. चहाच्या टपरीवर एक शेतकरी भेटला. तो वरच्या अंगाचा, हनुमानगढकडचा. त्याच्याकडं कालवा येऊन पिढी उलटली. आता काय पिकतं विचारलं तर म्हणाला, काही जमिनीत नुसती "सेम". पाणी फार झालं, खालून वर आलं, क्षार फुटला, रान पांढरं पडलं.

दाजींनी कपातला चहा हळूहळू संपवला. त्यांचं वीस गुंठे रान गेली सात-आठ वर्षं चोपण आहे. पांढरं, खारट, लव्हाळ्याशिवाय काही न येणारं. आमच्या कृष्णाकाठाला अशी क्षारपड रानं गावोगावी आहेत. वाळवंटात पाण्यानं रान गेलेला माणूस भेटेल ही त्यांची कल्पना नव्हती. "च्यायला," ते गाडीत बसताना म्हणाले, "हितंबी चोपण." पुढं दहा किलोमीटर त्यांनी टोलनाका नसूनही हात बाहेर काढला होता.

तनोटच्या अलीकडं एका नाक्यावर जवानानं ओळखपत्रं मागितली. सरहद्द जवळ. त्यानं माझं आधार वाचलं, गाडीकडं बघितलं, पुन्हा वाचलं.

"इस्लामपूर? कहाँ है ये?"

"महाराष्ट्र में," दाजी मदतीला धावले. "लेकिन अब ईश्वरपूर हुआ है. दो हजार पच्चीस में सरकारने किया."

"कार्ड पे तो इस्लामपूर है."

"कार्ड पुराना है."

"तो आप बोलते क्या हैं?"

इथं गाडीत मतभेद झाले. मुलगी म्हणाली ईश्वरपूर, भाचा म्हणाला इस्लामपूर, ताई म्हणाली आम्ही तर "पूर"च म्हणतो, आणि मागून आईनं ठामपणे सांगितलं, "उरुण." एका गाडीतून चार गावं निघाल्यावर जवान हसला. शेवटी त्यानं भडंगाचा डबा उघडून दाखवायला सांगितला, वास घेतला, मूठभर खाल्लं आणि सोडलं.

तनोटमातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल चालवतं. पूजा जवान करतात, आरती अशी कडक की टाळ्यासुद्धा ताल चुकत नाहीत. १९६५ च्या युद्धात आजूबाजूला पडलेल्या तोफगोळ्यांतले जे फुटले नाहीत ते आत मांडून ठेवलेत. जवळच लोंगेवाला; तिथं १९७१ च्या डिसेंबरात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या सव्वाशेच्या आतबाहेरच्या जवानांनी रात्रभर रणगाडे अडवून धरले. ते रणगाडे बघताना दाजीसुद्धा ट्रॅक्टरशी तुलना न करता उभे राहिले.

तनोटला नवस बोलून रुमाल बांधायची पद्धत आहे. हजारो रुमाल. बायकोनं बांधला, ताईनं बांधला. दाजींनी आपला घामट, उसाच्या रानात दहा वर्षं काढलेला रुमाल बांधला आणि डोळे मिटून मोठ्यानंच म्हणाले, "तोड लवकर येऊ दे गं आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला चिटबॉयचा फोन आला. "आण्णा, टोळी आलीया. परवा सकाळी कोयता लागतोय. ट्रॅक्टर नंबर देतोय, रानात हाय न्हवं तुमी?"

दाजी जैसलमेरच्या हॉटेलच्या गच्चीवर लुंगीत उभे होते. समोर सूर्य उगवत होता, गुळाची ढेप पिवळी व्हायला लागली होती. "हाय की," ते म्हणाले. "रानातच हाय."

वाळूतल्या सूर्यास्ताचे आगाऊ पैसे भरलेले, पटवों की हवेली बघायची राहिलेली, बायकांचं बांधणीचं लुगडं तर अजून दुकानातच. दोन दिवसांचा मुक्काम रद्द. दाजींचं म्हणणं, देवी कडक आहे, तिच्याशी वाद नको. ताईचं म्हणणं, देवीला अंतर तरी सांगायचं होतं. परतीला मी आणि दाजी आळीपाळीनं चालवत, भडंगावर दिवस काढत, अहमदाबादला पुन्हा ४८ नंबरला लागलो. तिसऱ्या दिवशी उजाडता पेठ नाका आला. इकडून येताना इस्लामपूरला डावीकडं वळायचं. वळताना सगळ्यांनाच बरं वाटलं. दाजी घरीसुद्धा न जाता तसेच रानात गेले. कोयता एक दिवस उशिरा लागणार होता, म्हणजे देवीनं अंतर धरलं होतं.

गाडी आमच्या दारात. आत-बाहेर वाळूच वाळू. एसीच्या जाळीतून, सीटच्या खाचांतून, टपावरून. मी दुपारी नळाला पाइप लावला, कॉक पूर्ण सोडला आणि टपापासून सुरुवात केली. पाणी जोरात होतं, मजा येत होती. दोनच मिनिटांत पाइप ढिला पडला आणि धार माझ्या पायांवर आली. मागं बघितलं. आईनं कॉक बंद केला होता. तिनं माझ्यापुढं एक बादली ठेवली. अर्धी. वर धोतराचं फडकं.

"एवढ्या पाण्यात?"

"एवढ्यात आमच्यात सातजण न्हायचे."

"कायतरी सांगू नको."

"कायतरी कशाला सांगू? माजा नंबर सहावा असायचा."

मी फडकं पिळलं आणि बॉनेटपासून सुरुवात केली. आत जाता जाता ती म्हणाली, "झालं की ते पानी कढीपत्त्याला घाल. वाळू राहू दे बुडाला."